कोन जाड केला की आवाज सुधरत नाही: वूफरच्या ब्रेकअपबद्दल सविस्तर

मित्रा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुझ्या घरच्या स्पीकरमध्ये साडेसहा इंची अॅल्युमिनियम कोनचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा ड्रायव्हर (कोन म्हणजे त्याचा हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), वर एक इंची सिल्क डोम ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा, आणि दोघांत सूर वाटून देणारा फिल्टर, म्हणजे क्रॉसओव्हर, ३००० हर्ट्झला, सेकंड ऑर्डर (ऑर्डर जितकी मोठी तितकी कपात तीव्र). तबला, बास सगळं मस्त, पण गायिका तार सप्तकात गेली की आवाज टोचतो. माइक लावून मोजलंस तर ग्राफमध्ये साडेपाच हजार हर्ट्झला १० डीबीचा सुळका दिसला. आणि तू विचारतोयस की कोनवर फेव्हिकॉलचे दोन हात देऊन तो जाड करू का, का सरळ कागदाचा कोन घरी बनवू, आणि रेझोनन्स, म्हणजे कोनचा स्वतःचा घुमणारा सूर, अजिबातच नसेल असा कोन डिझाइन करता येतो का.

शेवटच्याचं उत्तर आधी: नाही येत. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, आधी रिकोनिंग, म्हणजे फाटलेले कोन आणि जळलेल्या कॉइल (कोनला ढकलणारी तारेची वेटोळी) बदलणं, आणि नंतर ड्रायव्हर बनवणाऱ्यांसाठी कोनचं काम, आणि इतक्या वर्षांत स्वतःचा सूर न लावणारा कोन मला एकही भेटलेला नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात, तो सूर कुठल्या फ्रिक्वेन्सीला लागेल आणि लागल्यावर किती लवकर गप बसेल. नवीन माणूस सगळी अक्कल मटेरियलवर खर्च करतो, केव्लार घेऊ का कार्बन घेऊ का, आणि खरा निकाल लागतो तो कडेला, जिथे कोन संपून रबर सुरू होतं तिथल्या चार-पाच मिलिमीटरच्या गोंदाच्या पट्टीत. हे मलाही कळायला सात-आठ वर्षं गेली, तेव्हा तुला दोष देत नाहीये.

आधी कोन शंकूसारखाच का असतो ते बघ. वर्तमानपत्राचा कागद सपाट धरला तर मान टाकतो, पण शेंगदाणेवाला त्याचीच पुडी वळतो तेव्हा मूठभर दाणे घालूनही ती ताठ राहते. कागद तोच, जाडी तीच, ताकद आली ती आकारातून. आकडा सांगतो, साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचा कोनचा कागद सपाट ठेवला तर १००० हर्ट्झला त्याच्यातून जाणाऱ्या वाकण्याच्या लाटेची लांबी फक्त साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे साडेसहा इंची वूफरच्या मापाची सपाट चकती केलीस तर हजारलाच तिच्या अंगावर साडेतीन लाटा नाचत असतील आणि तिला पिस्टन, म्हणजे एकसंध पुढे-मागे हलणारी, कुठल्या तोंडानं म्हणायचं. शंकू केला की कागदाला वाकायच्या आधी ताणावं किंवा दाबावं लागतं, आणि ते कुठल्याही पातळ वस्तूला फार जड जातं. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये जो स्पीकर मांडला आणि जो पुढच्या वर्षी रेडिओला १०४ म्हणून बाजारात आला, त्यातही कागदाचा छोटा कोनच होता. शंभर वर्षं झाली, मूळ मांडणी तीच आहे.

आता बिघडतं कुठे. कॉइल ढकलते ती गळ्याला, म्हणजे मधल्या भोकाच्या कडेला. तो धक्का कोनच्या अंगातून बाहेर कडेपर्यंत लाटेसारखा जातो. खालच्या फ्रिक्वेन्सीला लाट इतकी लांब असते की सगळा कोन एकदमच हलल्यासारखा वाटतो. वर गेलं की कड मागे पडायला लागते, गळा पुढे आलेला असतो तेव्हा कड अजून मागे जात असते, आणि मग ती लाट कडेवर आपटून परत येते, येणारी आणि जाणारी एकमेकांत अडकतात आणि एक उभी लाट तयार होते. हाच ब्रेकअप. मी शिकवताना नेहमी समुद्राचं सांगतो. गेटवेला लाट भिंतीवर आपटते आणि तशीच्या तशी मागे फिरते, पाणी खदखदत राहतं. गिरगाव चौपाटीला तीच लाट वाळूवर चढते, पसरते, संपते. तुझा सराउंड, म्हणजे कोनच्या कडेची रबरी पट्टी, दुकानात जिला एज म्हणतात ती, चौपाटी असायला पाहिजे आणि बहुतेक स्वस्त ड्रायव्हरमध्ये तो गेटवेची भिंत असतो.

या उभ्या लाटांचे प्रकार, म्हणजे मोड, दोन जातीचे असतात. एकात कोनचे फुलाच्या पाकळ्यांसारखे भाग पडतात, एक पाकळी वर तर शेजारची खाली. हे अगदी खाली, काहीशे हर्ट्झपासूनही सुरू होतात, पण शेजारशेजारच्या पाकळ्या एकमेकांचा आवाज खातात म्हणून ग्राफमध्ये फारसे दिसत नाहीत. दुसऱ्या जातीत गोल कडी पडतात, पाण्यात खडा टाकल्यावर पडतात तशी, आणि हे पूर्ण गोल असल्यामुळे सगळा आवाज समोर फेकला जातो. तुझा साडेपाच हजारचा सुळका या दुसऱ्या जातीचा. पाकळीवाले मोड तेव्हाच त्रास देतात जेव्हा कोन एकसारखा नसतो, एका बाजूला गोंदाचा गोळा, लीड वायरच्या, म्हणजे कॉइलकडे जाणाऱ्या तारेच्या, टाक्यावर भसाभस ओतलेलं अॅडेसिव्ह वगैरे. रिकोनिंगच्या कामात हे मी रोज बघतो.

आता हिशोबाकडे. आपल्या भाषेत अँगललाही कोन आणि यालाही कोन, त्यामुळे मी अँगलला अँगलच म्हणतो नाहीतर गोंधळ होतो. ब्रेकअप कुठे सुरू होईल याचा ढोबळ अंदाज असा: मटेरियलमधला आवाजाचा वेग घ्यायचा, त्याला कोनच्या अर्ध्या अँगलच्या कोसाइननं गुणायचं, आणि कडेच्या त्रिज्येला दोन पायनं गुणून जे येईल त्यानं भागायचं. साडेसहा इंची वूफरची कामाची त्रिज्या साडेसहा सेंटिमीटर धर, अर्धा अँगल ६० अंश. अॅल्युमिनियममध्ये वेग सेकंदाला ५१०० मीटर, उत्तर येतं सहा हजारच्या थोडं वर. बऱ्यापैकी कागदात वेग १८०० च्या आसपास, उत्तर २२००. साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये १२५०, उत्तर दीड हजार. तुझा सुळका साडेपाच हजारला आहे म्हणजे हिशोब बरोबर त्याच गल्लीत येतोय. हे सगळं वाकणं आधी बाहेरच्या कडेला सुरू होतं, कारण त्रिज्या तिथे सगळ्यात मोठी, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसं आत गळ्याकडे सरकतं. १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये फिलिप्सच्या लोकांनी हे गणित फार नीट मांडून ठेवलंय.

त्या सूत्रात काय नाहीये ते बघ. जाडी नाहीये. म्हणजे तू फेव्हिकॉलचे दोन काय चार हात दिलेस तरी ब्रेकअप जिथे सुरू व्हायचा तिथेच सुरू होणार, वजन मात्र वाढणार. मी हा उद्योग केलेला आहे. एक आठ इंची वूफर होता, हलणारं सगळं वजन २० ग्रॅम, मी उत्साहाच्या भरात तीन हात लेप चढवला आणि ते २६ ग्रॅम झालं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला मिळणारा आवाज, सव्वादोन डीबीनं पडली, फ्री एअर रेझोनन्स, म्हणजे बॉक्सबाहेर मोकळ्या ड्रायव्हरचा स्वतःचा सूर, ४० हर्ट्झवरून ३५ वर आला, बॉक्सचा सगळा हिशोब चुकला, आणि गिऱ्हाईक म्हणाला आवाज झोपल्यासारखा वाटतोय. बरोबरच बोलत होता तो.

धातूवर लेप लावण्यात अजून एक अडचण आहे. मऊ लेप तेव्हाच लाट गिळतो जेव्हा वाकताना त्यालाही बरोबरीनं ताणावं लागतं. अॅल्युमिनियम इतकं कडक आहे की त्याच्यापुढे सुकलेला फेव्हिकॉल म्हणजे पितळी परातीवर लावलेलं दही, परात वाजायची ती वाजतेच. तोच लेप कागदावर दिला तर खूप फरक पडतो, कारण कागद स्वतःच मऊ आहे, दोघांची ताकद एका पंक्तीत बसणारी. म्हणून लेपाची कल्पना चुकीची नाही, तू ती चुकीच्या कोनवर वापरतोयस एवढंच.

ही लेपाची गोष्ट जुनी आहे. बीबीसीच्या संशोधन विभागानं साठच्या दशकात मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत आवाज पारखायच्या, स्पीकरसाठी कागद सोडून बेक्सट्रीन नावाच्या प्लास्टिकचे कोन वापरायला घेतले, मुख्य कारण म्हणजे कागदाचा एक कोन दुसऱ्यासारखा येत नव्हता आणि त्यांना डावा-उजवा अगदी सारखा पाहिजे होता. पण बेक्सट्रीन स्वतः बऱ्यापैकी वाजणारं, मग त्यावर पीव्हीए जातीचा लेप हातानं मारायचा, म्हणजे आपल्या फेव्हिकॉलचाच चुलतभाऊ. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या प्रसिद्ध एलएस३/५ए मॉनिटरमध्ये केईएफ कंपनीचा जो बी११० वूफर आहे तो असाच लेप दिलेला बेक्सट्रीन कोन. लेपानं वजन वाढायचं, सेन्सिटिव्हिटी कमी व्हायची. मग बीबीसीतल्याच हारवुडनं पॉलिप्रॉपिलीनचं काम केलं, जे मुळातच सुस्त, लाट आतल्या आत खाणारं, लेपाची गरजच नाही, आणि १९७७ मध्ये बाहेर पडून हारबेथ कंपनी काढली. पॉलिप्रॉपिलीनची खोड म्हणजे ते फार मऊ, ब्रेकअप लवकर येतो, फक्त येतो तो इतका पसरट आणि दबका की कान त्याला पकडत नाही. त्याला गोंदही सहज चिकटत नाही, ती वेगळीच डोकेदुखी.

म्हणजे मार्ग दोन झाले. एक धातूवाला: सुळका इतका वर नेऊन ठेव की तुझ्या कामाच्या पट्ट्यातच येणार नाही, पण मग तो उंच आणि टोकदार असतो. दुसरा कागद-प्लास्टिकवाला: ब्रेकअप कामाच्या पट्ट्यात येऊ दे, पण मऊ करून. बॉवर्स अँड विल्किन्स या स्पीकर कंपनीनं १९७६ च्या डीएम६ स्पीकरपासून विणलेलं केव्लार वापरलं तो दुसऱ्या मार्गातलाच एक डाव होता, विणीमुळे उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेला लाटेचा वेग वेगळा आणि तिरप्या दिशेला वेगळा, त्यामुळे सगळ्या बाजूंनी लाट एकाच वेळी कडेला पोचत नाही आणि गोल कडी नीट बांधलीच जात नाहीत. लोक केव्लार म्हटलं की कडकपणा समजतात, बुलेटप्रूफ जाकीट वगैरे, उपयोग मात्र बरोबर उलटा होता. स्कॅनस्पीक कंपनीच्या रेव्हलेटर वूफरमध्ये कागदाच्या कोनला तिरके काप देऊन त्यात मऊ गोंद भरतात, हेतू तोच, लाटेच्या वाटेत खड्डे. हे बघितल्यावर मी पण दोन कोन ब्लेडनं कापून बघितले होते, एक चक्क बरा वाजला, दुसरा फडफडायला लागला, नाद सोडला.

मला स्वतःला विचारशील तर मी कागदवाला. कागदात तुम्ही रेसिपी बदलू शकता, धातूत काय बदलणार. लगदा किती वेळ कुटला यावर सगळं ठरतं, जास्त कुटला की तंतू बारीक होतात, एकमेकांत घट्ट बसतात, कागद कडक आणि कडकडीत वाजणारा होतो. कमी कुटला की फुगीर, मऊ, लाट खाणारा. जाळीवर लगदा बसवून गरम साच्यात दाबला तर पातळ आणि टणक, न दाबता तसाच वाळवला तर जाड, हलका आणि दबका. त्यात लोकर घालतात, कार्बन फायबर घालतात, सेमलच्या कापसासारखा कापोक पण घालतात. पण कागदाचा एक शत्रू आपल्याकडे चार महिने घरातच मुक्कामाला असतो. मी एका ठिकाणी काम करत होतो तिथे जुलैत निघालेला मिडबास ड्रायव्हरचा लॉट मार्चच्या लॉटशी जुळेना, वजन नगामागे अर्धा ग्रॅम जास्त आणि ब्रेकअप २४०० वरून २१०० वर घसरलेला. मशीन तपासली, लगदा तपासला, सगळं जागेवर. नंतर कोणीतरी एक कोन ओव्हनमध्ये तासभर ठेवला आणि तो मार्चचा झाला. कागदानं हवेतलं पाणी प्यायलं होतं बाकी काही नाही. तेव्हापासून मी कागदी कोनला मागून एक अगदी पातळ हात लॅकरचा दिल्याशिवाय सोडत नाही, तो आवाजासाठी नाही, पावसासाठी.

आता कडेकडे येतो, जिथे मला जास्त बोलायचंय. सराउंडची कामं दोन, कोनला पुढे-मागे जाऊ देणं आणि कडेला आलेली लाट परत न पाठवणं. दुसऱ्या कामासाठी रबर नुसतं मऊ असून चालत नाही, ते आळशी पाहिजे. दोन तुकडे घेऊन टेबलावर टाकून बघ, एक चेंडूसारखा उडेल, दुसरा ठप्प पडेल. ठप्प पडणारं पाहिजे. त्यात सराउंडचा स्वतःचाही एक रेझोनन्स असतो, पाच-सहा इंची ड्रायव्हरमध्ये तो बहुतेक वेळा ८०० ते १२०० च्या मध्ये येतो, तिथे सराउंड कोनच्या उलट दिशेनं हलतो आणि आवाजात एक खड्डा पडतो. इम्पीडन्सच्या, म्हणजे ड्रायव्हर विजेला करतो त्या विरोधाच्या, ग्राफमध्ये त्याच जागी छोटीशी मुरड दिसते, अगदी अर्ध्या ओहमची, लोक ती मोजमापातली चूक म्हणून सोडून देतात आणि तीच खरी चुगली असते. फोमचा सराउंड या बाबतीत फार गुणी, हलका आणि लाट खाणारा, पण आपल्या दमट हवेत दहा-बारा वर्षांत बोट लावलं की भुगा. माझी निम्मी रिकोनिंगची कमाई त्या भुग्यावर झालीय त्यामुळे फोमला शिव्या देणार नाही.

आणि गोंद. एका कारखान्यात लाइन हळू चालते म्हणून कोणीतरी सराउंडचा रबरी गोंद बदलून झटपट सुकणारा कडक गोंद आणला. मोजणी रोजच्यासारखी दर पन्नासात एकाची व्हायची, ग्राफ लिमिटच्या आत होते, कोणाला काही कळलं नाही. कळलं ते पॅकिंगच्या मावशींना. त्या प्रत्येक नग डब्यात ठेवताना सवयीनं कडेवर नखानं टिचकी मारायच्या, एक दिवस मला हाक मारून म्हणाल्या, ‘साहेब, हे कडक वाजतायत, आधीचे असे नव्हते.’ मी जुना एक आणि नवा एक घेऊन टिचकी मारली, जुना ‘थप’ आणि नवा ‘टिक’. मग नीट मोजलं तर अडीच हजारच्या आसपास ३ डीबीची वाढ. कोन तोच, रबर तेच, कॉइल तीच. गोंद सुकून काचेसारखा झाला होता आणि आमच्या चौपाटीवर कोणीतरी सिमेंटचा कट्टा बांधला होता. लिमिट पाच डीबीची ठेवलेली, त्यामुळे मशीन पास म्हणत राहिली.

बाकीचं पटकन. सरळ बाजूचा कोन ब्रेकअपपर्यंत जास्त शहाण्यासारखा वागतो आणि मग एकदम बिथरतो, शिंगासारखा वळवलेला कोन थोडा आधी सुटतो पण सौम्यपणे सुटतो आणि वरपर्यंत वाजतो. खोल कोन जास्त ताठ, अर्धा अँगल ६० वरून ५० केला तर वरच्या सूत्रात पाव हिश्श्याहून थोडी जास्त वाढ मिळते, पण खोल पोकळीची स्वतःची एक घुमी येते त्यामुळे हाव नको. डस्ट कॅप, म्हणजे मधलं भोक झाकणारी टोपी, हा वेगळा छोटा स्पीकरच असतो, मऊ कापडाची लाव किंवा गळ्याला रुंद पायावर चिकटव. गणपतीत जी डॉल्बीची भिंत लागते त्यातल्या अठरा इंचीला यातलं काहीच लागू नाही, तो शंभर-दीडशे हर्ट्झच्या वर वाजवलाच जात नाही, त्याचा कोन जाड असतो तो फाटू नये म्हणून. आणि गिटारच्या अँपमध्ये तर ब्रेकअप पाहिजेच असतो, तिथे तो दोष नाही, तोच आवाज.

तबल्याचं मनात आलंय तर सांगतो. साध्या कातड्याचे मोड एकमेकांशी सुरात नसतात, शाई लावली की वजन मध्ये जाऊन ते सुरात येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचरमध्ये यावर लिहिलं होतं. म्हणजे आपल्या कारागिरांनी पडद्याला योग्य जागी वजन आणि लेप देऊन मोड हवे तिथे बसवले. आपण कोनवर करतो ते हेच, फक्त त्यांना तो वाजायला पाहिजे होता आणि आपल्याला गप.

आता तुझ्या घरच्या सेटकडे. तुझ्या वूफरचा कोन खराब नाहीये, त्याला राबवलंय चुकीचं. ३००० ला सेकंड ऑर्डर म्हणजे साडेपाच हजारला फिल्टर जेमतेम साडेदहा डीबी कापतोय आणि सुळका आहे १० डीबीचा, म्हणजे कटाकटी, सुळका जणू गाण्याच्याच लेव्हलला बसलाय. आणि तो फक्त साडेपाच हजारच्या सुरांवर वाजत नाही. प्रत्येक मोटर, म्हणजे कॉइल-मॅग्नेटची जोडी, थोडंफार डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात भेसळ, करतेच, त्यात तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर, जोरात असतो. साडेपाच हजारचा एक तृतीयांश किती, १८३०. म्हणजे गाण्यात १८३० च्या आसपास काहीही आलं की मोटर त्याचा तिसरा हार्मोनिक नेमका सुळक्यावर टाकते आणि सुळका तो तिपटीनं मोठा करून देतो. गायिका वर गेली की टोचतं ते यामुळे, तिच्या आवाजातले ओव्हरटोन तिथेच गर्दी करतात.

तेव्हा क्रॉसओव्हर १८०० ते २००० वर आण आणि फोर्थ ऑर्डर कर. २००० ला फोर्थ ऑर्डर धरलास तर साडेपाच हजारला ३५ डीबीची कपात मिळते, सुळका २५ डीबी खाली गाडला जातो, आणि १८३० चा सूरही वूफरला कमी जोरात जातो. त्यावर वूफरच्या सिरीजमध्ये एक टँक, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला अडवणारी जोडणी, टाक, फिल्टरची वेगळी कॉइल ०.१५ मिलिहेन्री आणि कपॅसिटर ५.६ मायक्रोफॅरड एकमेकांना पॅरलल, ते साडेपाच हजारलाच बसतं, आणि त्यालाच पॅरलल २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर लावून कानानं जुळव. डीएसपी, म्हणजे डिजिटल फिल्टर, असेल तरी हा टँक खरा तारेचाच लाव असं मी सांगेन, कारण डीएसपीतला नॉच, म्हणजे एकाच जागची कपात, अँपच्या आधी कापतो आणि डिस्टॉर्शन तयार होतं नंतर, वूफरच्या कॉइलमध्ये. टँक सिरीजमध्ये असला की त्या फ्रिक्वेन्सीला वूफरच्या कॉइलला उलटा करंट फिरवायला वाटच अरुंद होते आणि मोटरचा तिसरा हार्मोनिक मुळातच कमी होतो. ट्वीटरचा एफएस, म्हणजे त्याचा स्वतःचा रेझोनन्स, मात्र आधी बघून घे, ९०० च्या वर असेल तर १८०० ला नेऊ नकोस, बिचारा जळेल.

कागदाचा कोन घरी करायची हौस असेल तर कर, मजा येते, आणि त्याला साचाही लागत नाही. यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरचा तो पांढरा कोन, १९७८ पासून जगभरच्या स्टुडिओत दिसायचा तो, साच्यात दाबलेला नव्हताच, सपाट कागद कापून वळवून शिवण चिकटवलेला होता. पुण्यात असशील तर शिवाजीनगरला हातकागद संस्थेतून अडीचशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅमचा, कागद आण, लांब तंतूचा असला तर उत्तम. साडेसात सेंटिमीटर त्रिज्येचा गोल आख, त्यातून ४८ अंशाची फोड काढ, मात्र चिकटवायला तीन मिलिमीटरची पट्टी जास्तीची ठेव, मध्ये दीड सेंटिमीटर त्रिज्येचं भोक. वळवलास की बरोबर ६० अंश अर्ध्या अँगलचा, साडेसहा सेंटिमीटर त्रिज्येचा कोन होतो, वजन पावणेचार ग्रॅमच्या आत. मधलं भोक तुझ्या एक इंची कॉइलला बसेल, फॉर्मर, म्हणजे कॉइल गुंडाळलेली नळी, आधी मोजून घे. शिवणीवर पातळ फेव्हिकॉल, गळ्याला इपॉक्सी, कारण गळा कडकच पाहिजे, तिथे मऊपणा ठेवलास तर वरचा आवाज कॉइलमध्येच राहतो. आणि मग तुझा तो फेव्हिकॉलचा लेप, पाण्यात निम्मा पातळ करून, एकच हात, तोही सगळीकडे नाही, बाहेरच्या दोन सेंटिमीटरच्या कडीवर, कारण वाकणं तिथेच सुरू होतं.

सराउंडला रबरी गोंद, बूट शिवणाऱ्यांकडे असतो तसला सुकल्यावरही वाकणारा. एक दिवस पूर्ण वाळू दे, घाई करू नकोस, अर्धवट सुकलेल्या गोंदाचा ग्राफ दुसऱ्या दिवशी बदलतो. मग इम्पीडन्स स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत फ्रिक्वेन्सी फिरवून इम्पीडन्सचा ग्राफ, काढ आणि ८०० ते १२०० मधली ती मुरड शोध. मुरड बारीक आणि पसरट असली तर काम जमलं. टोकदार असली तर सराउंडच्या मागून, कोनला जिथे चिकटलाय तिथे, त्याच रबरी गोंदाची अजून एक बारीक रेघ फिरव आणि परत मोज. कडेवर नखानं टिचकी मारून पण बघ.